मालवाहू पिकअप आणि तिच्या विजेची निगा

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट चढवून वाशीची वाट धरणारी, पिंपळगाव बसवंतहून कांदा घेऊन कसारा घाट उतरणारी, अथवा हर्णैच्या किनाऱ्यावरचा लिलाव आटोपताच बर्फात दाबलेली मासळी भरून रातोरात मुंबई गाठणारी जी टन-दीड टनाची गाडी महाराष्ट्रात ‘पिकअप’ या नावाने सर्वतोमुखी झाली आहे, तिच्या निगेचा विचार तिचा मालक बहुधा दोनच प्रसंगी करतो : एकदा पासिंगची तारीख जवळ आली म्हणजे, आणि एकदा ती भरल्या मालासह आडरानात उभी राहिली म्हणजे. या दोन प्रसंगांच्या मधल्या दीर्घ काळात गाडीकडे कोणी पाहतच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ऑइल बदलले जाते, ग्रीस भरले जाते, दसऱ्याला झेंडूची माळही चढते. परंतु ही काळजी यंत्राच्या ज्या अंगापर्यंत पोहोचते ते अंग, आणि ज्याच्या बिघाडाने आजची गाडी पुष्कळदा अडते ते अंग, ही दोन निराळी आहेत, हे प्रस्तुत आढाव्याचे मुख्य प्रतिपाद्य आहे.

यांत्रिक निगेचा एक शिरस्ता आपल्याकडे पडून गेला आहे आणि तो एकंदरीत चांगला आहे. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरांवर बदलावा, मात्र गाडी नित्य धुळीत, घाटांत किंवा क्षमतेबाहेरच्या ओझ्याखाली चालत असेल तर ती मुदत आखडती घ्यावी. एअर फिल्टर उसाच्या व विटांच्या हंगामात वारंवार झाडावा. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि कमानपाट्यांच्या पिना ग्रीसविना राहू देऊ नयेत. टायरमधली हवा रिकाम्या गाडीला व भरल्या गाडीला एकच ठेवू नये. या गोष्टी गाडीवर दोन वर्षे काढलेल्या कोणत्याही क्लीनरला तोंडपाठ असतात. डिझेल फिल्टरच्या तळाशी साठणारे पाणी सोडून देण्याकडे मात्र दुर्लक्ष होते, आणि पावसाळ्यात, विशेषतः पिंपातले डिझेल वापरणाऱ्यांच्या गाड्यांत, ते महागात पडते. कारण आजच्या कॉमन रेल पंपाला आणि इंजेक्टरांना वंगण मिळते ते खुद्द डिझेलचेच, आणि त्यात पाणी आले की हजार ‘बार’च्या घरातल्या दाबाखाली फिरणारे ते सूक्ष्म भाग खरडले जातात. ब्रेकविषयी एवढेच सांगणे पुरे, की आंबेनळीसारखा घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक अजूनही कोणत्याही नव्या साधनाने रद्द झालेला नाही.

यांत्रिक झीज स्वतःची वर्दी देते. गळणारे ऑइल जमिनीवर डाग पाडते, झिजलेले बेअरिंग घरघरते, घसरणारी क्लच प्लेट जळक्या वासाने आपली कैफियत मांडते. विजेच्या वाटेतला बिघाड मात्र अखेरच्या क्षणापर्यंत मूक असतो. तो वाढत असतो एखाद्या नटाखाली, रबरी आवरणाच्या आत, रंगाच्या पापुद्र्यामागे, आणि प्रकट होतो तो पहाटे तीन वाजता किल्ली फिरवल्यावर होणाऱ्या एका कोरड्या ‘टक्’ आवाजाने. त्यामुळे विजेच्या कामाला आपण निगा मानतच नाही, ती आपल्या लेखी एक आपत्ती असते आणि आपत्तीवरचा इलाज म्हणजे एखादा भाग काढून नवा बसवणे.

हे असे का झाले याचे एक कारण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धातली जी विलिस जीप पुढे आपल्याकडील खडतर रस्त्यांवरच्या कितीतरी गाड्यांची पूर्वज ठरली, तिची विद्युत्‌व्यवस्था अवघ्या 6 व्होल्टची होती : एक डायनॅमो, एक कट-आउट, चार दिवे, एक हॉर्न आणि सेल्फ. पुढे 12 व्होल्टची व्यवस्था सार्वत्रिक झाली, डायनॅमोची जागा अल्टरनेटरने घेतली, तथापि डिझेल इंजिनाचा आत्मा यांत्रिकच राहिला. पंप एकदा फिरू लागला आणि त्याची डिझेलची वाट उघडी राहिली, की विजेवाचूनही इंजिन चालत असे, आणि म्हणून उतारावर गाडी लावून ठेवणे व चौघांनी धक्का देणे हा बॅटरीच्या दुखण्यावरचा सर्वमान्य तोडगा होता. हा तोडगा आता बव्हंशी निकालात निघाला आहे. 1 एप्रिल 2017 रोजी देशभर लागू झालेली भारत स्टेज चारची आणि 1 एप्रिल 2020 पासूनची भारत स्टेज सहाची उत्सर्जनमर्यादा पाळायची म्हणजे डिझेल केव्हा, किती आणि कितव्या अंशाला फवारायचे हे एका संगणकाने ठरवणे आले. त्याला हवेचे, उष्णतेचे, दाबाचे वर्तमान पुरवणारे संवेदक आले. धुरातली काजळी अडवून ठराविक काळाने जाळून टाकणारी गाळणी आली. बॅटरी पार बसली असेल तर हा संगणकच जागा होत नाही, आणि मग चौघांनी काय, चाळिसांनी धक्का दिला तरी इंजिन निव्वळ फिरते, पेट घेत नाही. यंत्राचा कारभार विजेच्या हाती गेला. निगेचा शिरस्ता मात्र डायनॅमोच्या जमान्यातला राहिला.

आता प्रत्यक्ष विजेच्या वाटेकडे वळू. सेल्फची मोटर डिझेल इंजिन फिरवताना 200 अँपिअर किंवा त्याहूनही अधिक प्रवाह मागते, आणि घराच्या मीटरशी परिचित असलेल्या वाचकाला हा आकडा किती प्रचंड आहे ते सांगावयास नको. ओहमचा नियम शाळेत पाठ करून पुढे विसरलेल्यांनी येथे त्याची एकच बेरीज-वजाबाकी करून पाहावी : बॅटरीच्या खांबावर बसलेल्या क्लिपेत जर एक शतांश ओहम, म्हणजे हाती असलेल्या साध्या मीटरला नीट मोजताही येणार नाही इतका क्षुद्र, रोध शिरला, तर 200 अँपिअरला त्या एका सांध्यावर 2 व्होल्ट खर्ची पडतात. भरलेली बॅटरी विश्रांतीत 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फचा भार पडताच ती साडेदहाच्या आसपास उतरते, हे स्वाभाविक आहे. त्यातून आणखी 2 व्होल्ट वाटेत गेल्यावर मोटरच्या वाट्याला उरतात साडेआठ. सेल्फ ओढत ओढत फिरतो, दिवे पिवळे पडतात, आणि मालक बॅटरीवाल्याकडे जाऊन नवी बॅटरी घालून येतो. नव्या बॅटरीचा जोम जास्त असल्याने आणि बसवताना क्लिप थोडीफार घासली गेल्याने गाडी काही महिने सुरळीत चालते, व निदान अचूक होते असा सर्वांचा समज होतो. वास्तविक त्याच सांध्यावर त्या वेळी 400 वॅट उष्णता जन्मत असते. दोन-चार वेळा सेल्फ मारून क्लिपेला हात लावला असता तर चटका बसला असता आणि चोर जागीच सापडला असता. जाणते वायरमन प्रथम हेच करतात.

या सांध्यांवर जे साचते ते पाहण्यासारखे असते. शिशाच्या खांबावर पांढरी भुकटी येते, आणि जेथे तांब्याची तार उघडी पडलेली असते तेथे सुरेख निळसर-हिरवा थर चढतो. हे दुसरेतिसरे काही नसून मोरचूद होय, जो चुन्याशी मिसळून नाशिकचा बागाईतदार द्राक्षांवर फवारतो. बॅटरीच्या आम्लाची वाफ तांब्याला भिडली की तो घरबसल्या तयार होतो. तो काढण्याची रीत सोपी असली तरी तिचा क्रम मोडू नये. आधी ऋण बाजूची क्लिप सोडावी, मग धन बाजूची. कारण ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असल्याने, धन क्लिप आधी सोडताना पाना चुकून पत्र्याला टेकला तर तेथेच ठिणग्यांची आतषबाजी होते. जोडताना क्रम उलटा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्याने थर धुवावा, मात्र त्या पाण्याचा थेंबही बॅटरीच्या बुचांतून आत जाऊ देऊ नये, नाही तर आतले आम्लच निष्प्रभ होईल. खांब व क्लिप दोन्ही पॉलिशपेपरने चकचकीत करून, कोरडे करून, आवळावे, आणि आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली फासावी.

पाणी घालण्याची बॅटरी असेल तर तिला डिस्टिल्ड वॉटरखेरीज काहीही चालत नाही. बोअरच्या जड पाण्यातले क्षार आत जाऊन तिचे आयुष्य खातात, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तर पाणी इतके झपाट्याने उडते की एप्रिल-मे महिन्यांत दर पंधरवड्याला बुचे उघडून पाहणे इष्ट ठरते. पाणी प्लेटांच्या वर बोटभर असले की बस्स. काठोकाठ भरले तर चार्जिंगच्या वेळी आम्ल उतू जाऊन खालचा ट्रे कुजवते. बुचे उघडी असताना जवळ विडी पेटवू नये हे सांगण्याचे कारण असे, की चार्ज होणारी बॅटरी हायड्रोजन सोडते. बॅटरीला खिळवणारी पट्टी सैल असणे हा दोष सर्वांत उपेक्षित. कच्च्या रस्त्यावर ती सारखी आदळत राहिली म्हणजे प्लेटांवरचा लेप झडून तळाशी साठतो, आणि तीनचार वर्षे टिकणारी बॅटरी दीड वर्षात राम म्हणते.

परंतु क्लिपा निदान डोळ्यांसमोर असतात. विजेचा निम्मा प्रवास असा आहे की ज्याची कोणाला आठवणही नसते, आणि तो म्हणजे परतीचा. दिव्याकडे जाणारी तार सगळ्यांना दिसते. दिव्यातून बॅटरीकडे परतणाऱ्या प्रवाहासाठी मात्र निराळी तार बहुधा नसते, तो गाडीच्या लोखंडी देहातूनच परततो, आणि वायरमनच्या भाषेत ‘अर्थ’ म्हणतात ती हीच वाट. याचा अर्थ असा की पिकअपच्या चॅसीवर, हौद्यावर, बोल्टांखाली चढणारा गंज हा केवळ रंगाचा किंवा मजबुतीचा प्रश्न नसून विजेचाही आहे. त्यातून इंजिन हे रबरी माउंटिंगवर बसवलेले असते, आणि रबर वीज नेत नाही. म्हणून इंजिन व चॅसी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची एक पट्टी लावलेली असते. ही पट्टी एखाद्या मेकॅनिकने गिअरबॉक्स उतरवताना सोडली आणि परत लावायची विसरला, किंवा ती गंजून तुटली, तर प्रवाह थांबत नाही, तो दुसरी वाट शोधतो : क्लच वा ॲक्सिलरेटरची केबल, गिअरची सळी, प्रसंगी एखादे बेअरिंगही. सेल्फ मारताना ॲक्सिलरेटरची केबल तापून तिचे आवरण वितळले, अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीची केबल बदलून देणारे कारागीर आहेत. पट्टी पाहणारे थोडे.

मासळीच्या गाड्यांत हा प्रकार पराकोटीला जातो. हर्णैला काय किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला काय, क्रेटमधला बर्फ वितळून खारट पाणी हौद्याच्या फटींतून रात्रभर चॅसीवर ठिबकत असते, आणि नेमक्या त्याच चॅसीच्या बगलेने मागच्या दिव्यांची तारांची मोळी गेलेली असते. अशा गाडीचा मागचा दिवा उघडून पाहावा. होल्डरची स्प्रिंग तांबूस चिखल झालेली असते, अर्थची काळी तार हाताला लागताच तुटते, आणि कापल्यावर आत वीतभर अंतरापर्यंत तांबे काळे पडलेले दिसते, कारण खारे पाणी आवरणाच्या आतून वातीसारखे वर चढते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटणे, इंडिकेटर लावला की पार्किंगचा दिवा उघडझाप करणे, अशी जी भुताटकी या गाड्यांत दिसते तिचे मूळ येथे आहे : परतीची वाट बंद झाल्याने एका दिव्याचा प्रवाह शेजारच्या दिव्यातून उलटा परत जाऊ पाहतो. उपाय खर्चाचे नाहीत. माल उतरवला की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुणे, काळी पडलेली तार शुद्ध तांबे लागेपर्यंत मागे कापणे, आणि मागच्या दिव्यांना चॅसीच्या भरवशावर न ठेवता बॅटरीच्या ऋण टोकापासून स्वतंत्र परतीची तार ओढून देणे. हे शेवटचे काम एकदा केले की ती कटकट कायमची मिटते असा माझा अनुभव आहे. मात्र धुण्याच्या उत्साहात दाबाच्या पाण्याचा फवारा अल्टरनेटरवर आणि कनेक्टरांवर धरू नये.

अल्टरनेटरची परीक्षा घेण्याची एक घातक चाल खेडोपाडी अद्याप रूढ आहे, तिचा निषेध केल्यावाचून पुढे जाता येत नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीची क्लिप उपटायची, आणि इंजिन चालत राहिले तर ‘चार्जिंग ठीक’ असा निवाडा द्यायचा. डायनॅमोच्या काळात हे खपून जात असे. अल्टरनेटरचा भार असा एकाएकी तुटला की क्षणभर विद्युत्दाब अनेक पटींनी उसळतो, आणि त्या एका उसळीत त्याचे डायोड किंवा गाडीचा संगणक, अथवा दोन्ही, गतप्राण होऊ शकतात. शेदोनशे रुपयांपासून मिळणारा मल्टीमीटर हे काम निर्धोकपणे करतो : इंजिन चालू असता बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसावा. तो साडेतेराच्या खाली रेंगाळत असेल तर आधी बेल्टचा ताण व सांधे पाहावेत, आणि पावणेपंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी उकळत आहे असे समजावे. हौद्याला फळ्यांचे अँगल वेल्ड करून घेतानाही बॅटरी सोडण्याची खबरदारी घ्यावी, आणि वेल्डिंगचा अर्थ-क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे तो प्रवाह गाडीच्या नाजूक भागांतून फेरफटका मारणार नाही.

हौसेच्या जोडण्यांविषयी थोडे कठोर बोलणे भाग आहे. मूळचे 55 वॅटचे दोन दिवे मिळून 9 अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतात. त्यांच्या जागी 100 वॅटचे बल्ब घातले की तोच आकडा 17 च्या जवळ जातो, आणि तार व स्विच मात्र जुनेच राहतात. त्यात प्रेशर हॉर्न, हौद्याभोवती रंगीत पट्ट्या, केबिनमध्ये गाण्यांची पेटी, आणि हे सारे तारा सोलून, पिळून, वर काळी टेप गुंडाळून. मग फ्यूज उडू लागतो, आणि तो उडू नये म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद येतो. फ्यूज हा दिव्याच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो, ही साधी गोष्ट ज्यांना कोणी सांगितली नाही त्यांना दोष तरी किती द्यावा? तांबडा 10 चा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, हिरवा 30 अँपिअरचा. ज्या रंगाचा गेला त्याच रंगाचा घालावा, आणि पुन्हा गेला तर शॉर्ट शोधावा. अधिक प्रवाहाचे काही जोडायचेच असेल तर बॅटरीपासून जाड तार, तिच्या मुळाशीच फ्यूज, आणि स्विचच्या जागी रिले. एवढा बंदोबस्त केल्यावर पुष्कळ काही निभावते. घाटात समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणारा दिवा मात्र कितीही चांगल्या रीतीने जोडला तरी तो अपराधच.

गाडी उभी असताना होणारी गळती हा यातलाच एक उपविषय. घड्याळ, संगणकाची स्मृती इत्यादींसाठी 50 मिलिअँपिअरपर्यंतची मागणी मामुली समजावी. पण कोणी जीपीएस, कोणी रेडिओ सरळ बॅटरीवर जोडला आणि ती मागणी अर्ध्या अँपिअरवर गेली, तर दिवसाला 12 अँपिअर-तास खर्ची पडून 70 ची भरलेली बॅटरीही आठवड्याच्या आत रिकामी होते. आणि अर्धवट रिकामी पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, जे पुढे कितीही चार्ज केले तरी पुरते विरघळत नाहीत. भाताच्या कोठाराजवळ गाडी लावणाऱ्यांना तारांची आवरणे कुरतडणारे उंदीर या गळतीच्या आणखी एका कारणाचा परिचय असतोच.

सरकारी तपासणीकडून या बाबतीत फार अपेक्षा करता येत नाहीत. मोटार वाहन नियमांप्रमाणे मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांच्या वयापर्यंत दोन-दोन वर्षांचे आणि पुढे दर वर्षाचे असते. परंतु त्या दिवशी दिवे लागले, इंडिकेटर उघडझाप झाले, परावर्तक पट्ट्या जागच्या जागी दिसल्या, की विजेचा अध्याय संपतो, आणि त्या दिवसापुरते बल्ब जुळवून आणणे कोणालाही अवघड नाही. कारागिरांची स्थिती अधिक विचार करण्यासारखी आहे. रस्त्याकडेच्या वायरमनजवळ हात आहे, नजर आहे आणि टेस्टलॅम्प आहे. पण तोच टेस्टलॅम्प संवेदकाच्या तारेला लावला तर त्या नाजूक मंडलातून नको तेवढा प्रवाह ओढतो. कंपनीच्या कार्यशाळेत स्कॅनर आहे, आणि त्याच्या पडद्यावर उमटलेला संकेत हा अंतिम हुकूम मानण्याची तेथे प्रवृत्ती आहे. वस्तुतः विद्युत्दाब घसरला किंवा अर्थ कच्चा झाला की संगणकाला सारेच संवेदक खोटे बोलताहेत असे वाटू लागते, आणि एका सैल बोल्टापायी महागडा संवेदक बदलला गेल्याची बिले मी पाहिली आहेत. दोघांनाही उपयोगी पडेल अशी कसोटी एकच. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारावा; अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला तर परतीच्या वाटेत दोष आहे. तसेच धन खांब व त्यावरची क्लिप यांच्या दरम्यान दोन दशांशाहून अधिक आला तर दोष त्या क्लिपेत.

वेळेची सबब सांगणाऱ्या चालकालाही दर शनिवारी बंपरला नवे लिंबू-मिरची बांधायला सवड मिळते, हे मी कौतुकानेच म्हणतो. त्याच वेळी बॉनेट उघडून क्लिप हलवून पाहणे, बेल्ट दाबून पाहणे आणि मागचे दिवे लावून एक फेरी मारणे, याला पाच मिनिटे पुरतात. पावसाळा सरल्यावर, खंडेनवमीच्या धुण्यापुसण्यात अर्थचे बोल्ट सोडून, घासून, पुन्हा आवळण्याचे काम घालावे. त्यासाठी दहा व तेरा नंबरचा पाना आणि पॉलिशपेपरचा एक तुकडा यापलीकडे सामग्री लागत नाही.

विजेवर चालणाऱ्या लहान मालगाड्या आता शहरांत दिसू लागल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे हा सारा प्रपंच संपेल अशी काहींची अटकळ आहे. त्यांच्या नारिंगी आवरणाच्या उच्चदाबाच्या तारांना शिक्षित कारागिराखेरीज कोणी हात लावू नये, हे उघड आहे. तथापि त्यांच्याही पोटात दिवे, हॉर्न आणि संगणक यांच्यासाठी 12 व्होल्टची एक लहान बॅटरी असतेच; मोठ्या बॅटरीचे दार उघडणारे संपर्कही तिच्याच बळावर मिटतात, आणि ती बसली किंवा तिची अर्थची तार गंजली, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.